कधी जाणार, असं विचारायचं नसतं

१ जानेवारी

आज चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेनंतर जुन्या समितीने किल्ल्या दिल्या. पाच खोल्यांच्या पाच, स्वयंपाकघराची एक, आणि एक कशाची ते कुणालाच माहीत नाही.

गावसभेत माझं नाव निघालं तेव्हा मी बटाट्याच्या बियाण्याचा विचार करत बसलो होतो. हात वर झाले आणि मी गावाच्या पाहुणघराचा वर्षभराचा प्रमुख झालो. गावाने सांगितलेली सेवा आमच्याकडे कुणी नाकारत नाही. नाकारणाऱ्याचं पाणी तुटतं, गावच्या रानातलं सरपण तुटतं. मला नाकारायचंही नव्हतं. पण मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. चर्चमध्ये जपमाळेची प्रार्थना सांगतो, तेवढंच माझं चारचौघांतलं बोलणं. शहरच्या लोकांना मी काय सांगणार?

माझी बायको होविता म्हणाली, "तू नुसता हसत जा. अर्धं काम तिथंच होतं."

किल्ल्यांबरोबर दोन वह्या मिळाल्या. एक पाहुण्यांच्या नावांची. ही दुसरी कोरी होती.

१९ फेब्रुवारी

पाहुणे तीनच गोष्टी विचारतात. जेवायला कुठे, झोपायला कुठे, बघायला काय. पहिल्या दोन्हींना मी हात करतो, स्वयंपाकघर ते, खोल्या त्या. तिसरीला अडतो. जन्मल्यापासून मी हेच डोंगर पाहतो आहे, त्यातलं 'बघायचं' कोणतं ते मला वेगळं काढता येत नाही.

आज एका बाईला ट्राउट माशांचं तळं सांगितलं, खाणकामगारांची जुनी पायवाट सांगितली, ढगांचा कडा सांगितला. ती म्हणाली, "आणि तुम्हाला काय आवडतं?" मी म्हणालो, ढग खाली उतरतात तेव्हा बटाट्याच्या शेतात उभं राहायला. ती दोन तास माझ्या शेतात उभी राहून आली. भिजली होती, पण खूश होती.

ओदिलियामावशी पाहुणघराचा स्वयंपाक सांभाळते. ती म्हणाली, "एल्फेगो, उद्या तुझा नांगर धरायला रांग लागेल बघ. मला पण सांग, मी जातं ओढायला माणसं शोधतेच आहे."

१८ ऑगस्ट

जंगलात अळंबी भरपूर आली आहेत, त्यामुळे पाहुणेही. आज दुपारी खालच्या उष्ण मुलखातून एक गाडी आली. विल्फ्रीदो नावाचा चाळिशीचा माणूस आणि त्याचे वडील, रुतीलियो. वय ऐंशीच्या आसपास. सगळं आयुष्य साखर कारखान्यात यंत्रांवर काढलेलं. त्यांना चौथी खोली दिली, तिची चूल चांगली ओढते.

मुलगा म्हणाला, "बाबांना उकाडा सोसत नाही हो. जरा हवापालट. रविवारी येतो न्यायला."

तीन दिवसांसाठी पेटी मोठी होती. उचलून आत नेली तेव्हा म्हाताऱ्याने माझ्यासमोरच उघडली. बुटांचे दोन जोड, लोकरी पांघरूण, बायकोचा चौकटीतला फोटो आणि भिंतीवरचं घड्याळ. स्वतःच्या घड्याळाशिवाय काहींना झोप येत नसावी.

निघताना मुलाने बापाला किती वेळ मिठी मारली होती. शेवटी बापानेच त्याची पाठ थोपटून त्याला सोडवलं. आजकाल असं प्रेम कमी दिसतं.

२२ ऑगस्ट

काल रविवार. म्हातारा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडेच्या बाकावर बसला. आम्ही त्याला ताता म्हणू लागलो आहोत, गावात सगळ्याच वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं. अंधार पडायच्या आधी मी जाऊन शेजारी बसलो.

"पावसानं रस्ता खचला असेल," ताता म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. तिकडून दुपारची गाडी वेळेवर आली होती, पण ते बोललो नाही.

आज मुलगा येईल असं वाटलं. आला नाही. मी ताताला काही विचारलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला कधी जाणार, असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढणं. माझ्या आईने एका फिरत्या कल्हईवाल्याला पावसाळाभर ठेवून घेतलं होतं, का ते त्यालाही कळलं नव्हतं.

१२ सप्टेंबर

गावात फोन लागतो तो फक्त चर्चच्या वरच्या पायरीवर. ताताकडून नंबर घेऊन पायरीवर गेलो. एका टायरच्या दुकानात लागला. परत येऊन सांगितलं. ताता कपाळाला हात लावून म्हणाला, "शेवटचे दोन आकडे उलटे झाले वाटतं." पुन्हा गेलो. कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा त्याने आणखी वेगळे आकडे सांगितले. वय झालं की असं होतं.

संध्याकाळी आम्ही डॉमिनो खेळलो. मी सोंगटी टाकली तर ताता म्हणाला, "पाचाची सोंगटी तुझ्याकडं नाही. तिसऱ्या फेरीत तू पास म्हणालास तेव्हाच कळलं. कालही असंच लपवत होतास." कालचा डाव त्याला सोंगटीन् सोंगटी आठवत होता.

स्मरण ही देवाची देणगी. तो कुठे ओततो आणि कुठे हात आखडता घेतो, आपल्याला कळत नाही. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनियोपुढे मेणबत्ती लावली, नंबरासाठी.

३ ऑक्टोबर

मावशीची मका दळायची चक्की महिनाभर बंद होती. ताताने ती उघडली, आतला दांडा घासला, गाडीच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवला. दुपारी चक्की फिरू लागली. मावशी म्हणाली, "इतकी वर्षं होतास कुठं रे बाबा? माझ्या नवऱ्याला खिळा ठोकायचा तर शेजारी बोलवावे लागायचे."

"मी पण ठोकायचो नाही," ताता म्हणाला. "बायकोच ठोकायची. मी शिडी धरायचो."

आमचे गावप्रमुख मासेदोनियो चक्कीचा आवाज ऐकून आले आणि मला बाजूला घेतलं.

"एल्फेगो, हा पाहुणा आहे की रहिवासी?"

"पाहुणा."

"मग कधी जाणार?"

"विचारलं नाही."

"मग विचार की."

"तुम्ही विचारा. तुम्ही प्रमुख."

ते गेले. तासाभराने बाहेर आले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बसा, एक डाव होऊ दे."

"आणि?"

"हरलो," मासेदोनियो म्हणाले, आणि टोपी घालून चालू लागले.

१८ ऑक्टोबर

आज गावचं श्रमदान होतं, कड्याकडची वाट साफ करायची. ताता कोयता घेऊन हजर. मी म्हणालो, पाहुण्यांनी यायचं नसतं. तो म्हणाला, "मग मला पाहुणा म्हणू नको." सगळे हसले. अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली. दगडावर बसून तो बाकीच्यांचे कोयते परजून देत राहिला. हजेरी घेणाऱ्याने यादीच्या तळाशी त्याचं नाव लिहिलं. ते ताताने दोनदा जाऊन पाहिलं. अक्षर नीट आहे का ते बघत असावा. जुन्या कारखान्यातल्या माणसांना कागद चोख लागतो.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा सण, गेलेली माणसं एका रात्रीपुरती घरी येतात. आमच्या घरच्या वेदीवर झेंडू, फळं, पाव, माझ्या आईवडिलांसाठी मेस्काल दारू. ताता बायकोचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "आम्पारोसाठी कडेला एक पेला पाणी ठेवता येईल का? जास्त जागा नको."

होविताने पाणी ठेवलं, पाव ठेवला, आणि फोटो कडेला न ठेवता मधोमध ठेवला.

मला काळजी वाटली. म्हणालो, "ताता, त्या तर तिकडं घरी जातील ना? इथली वाट त्यांना कुठं माहीत?"

"मी तिला सांगितलंय," ताता म्हणाला. "गेल्या महिन्यातच. आता इकडंच ये म्हणून."

होविता उठून चुलीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते.

२३ नोव्हेंबर

पहिलं हिमदव पडलं. ताताचा खोकला आठ दिवस हटत नाही. आज ओठ निळसर दिसले. आरोग्य केंद्रात डॉक्टर मुलगी आहे, तीही इथे वर्षभराच्या सेवेवर. तिने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा पाहिला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिला.

बाहेर येऊन म्हणाली, "काका, त्यांची छाती इतक्या उंचावर चालत नाहीये. औषधानं चार दिवस जातील. यांना खाली न्या. हिवाळा इथं काढला तर वसंत दिसणार नाही त्यांना."

"त्यांचा मुलगा येणार आहे," मी म्हणालो.

"कधी?"

ती राजधानीतली आहे, तिला असं विचारायची सवय आहे.

४ डिसेंबर

आज होविताने ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर विल्फ्रीदोचं नाव आणि नंबर. तिला तो ऑगस्टमध्ये कपडे धुताना ताताच्या सदऱ्याच्या खिशात मिळाला होता.

"इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी पायरीवर किती खेपा घातल्या!"

"कागद त्याच्या खिशात होता, एल्फेगो. त्याला वाचता येतं."

"विसरला असेल खिशात आहे ते."

ती म्हणाली, "तू चांगला माणूस आहेस," आणि तिचा आवाज घेवडा करपल्यावर होतो तसा झाला.

पायरीवर जाऊन फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मी गावाचं नाव सांगितलं. पलीकडे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"बाबा... आहेत ना?"

"आहेत. पण खोकला आहे. डॉक्टर म्हणते खाली न्या."

"तुमच्याकडं छान आहे हो. मी फोटो बघूनच निवडलं होतं. झाडं, गरम जेवण, प्रत्येक खोलीत चूल. इथं वरच्या मजल्यावर एकच खोली, पत्रा तापतो, आम्ही पाच जण. ते तिथं कधी तक्रार करतात?"

"नाही."

"बघा ना," तो म्हणाला. आणखी काही बोलणार होता, पण कटलं. मी पुन्हा सहा वेळा लावला. बंद.

त्याच्यावरही काही ओझं असेल. डोंगरात फोन तसाही धड लागत नाही. घरी येऊन होविताला सांगितलं की रेंज गेली. तिने तो कागद घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवला.

११ डिसेंबर

गावसभा. नेहमी पाणी आणि कुंपणं यांवर भांडणारे लोक आज खाली बघून बसले होते.

मावशी उभी राहिली. "चक्की त्यानं चालू केली. श्रमदानाच्या यादीत त्याचं नाव आहे. मग तो आपला आहे. राहू दे."

"राहू दे म्हणायला मी पण तयार आहे," मासेदोनियो म्हणाले. "रोज हरतो त्याच्याकडं, तरी तयार आहे. पण त्याची छाती राहू देत नाही, मावशी."

कुणी म्हणालं, एल्फेगोच्या घरी ठेवा, घर उबदार आहे. डॉक्टर मुलगी म्हणाली, थंडीचा प्रश्न नाही, विरळ हवेचा आहे. कुणी म्हणालं, आळीपाळीने एकेकाने खाली जाऊन त्याच्यासोबत राहावं. कोण जाणार, असं विचारल्यावर सगळ्यांना आपापल्या गाई आठवल्या. मलाही माझे बटाटे आठवले. ते इथे लिहून ठेवतो, कारण फादरपुढे पापांची कबुली देताना माझी जीभ अडली.

खालच्या मुलखात नन्स चालवतात असं एक वृद्धांचं घर आहे. तिथे न्यायचं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी सावकाश हात वर केले. माझाही गेला. गावात इतकी वर्षं हात वर करून आम्ही वाटा बांधल्या, नळ आणला, शाळेचं छप्पर घातलं. डोंगराची उंची मात्र हात वर करून कमी होत नाही.

१५ डिसेंबर

ताताला सांगायचं काम माझ्याकडे आलं. डॉमिनो मांडून बसलो, चार डाव झाले, तोंड उघडेना.

पाचव्या डावात तोच म्हणाला, "कधी?"

"सोमवारी."

त्याने सोंगट्या गोळा केल्या, एकेक उपडी ठेवली. मग पाहुणे पहिल्या दिवशी विचारतात तसं विचारलं, "तिथं जेवायला काय असतं?"

वर्षभर मी लोकांना हेच सांगत आलो. मासा कुठे ताजा, मक्याचे तामाल कोणत्या दिवशी, पहाट कुठून बघायची. त्या जागेबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"चांगलं असतं," मी म्हणालो.

"गेला होतास?"

"नाही."

"मग पुन्हा पिस," तो म्हणाला. "एक डाव बाकी आहे."

१९ डिसेंबर

पहाटेच्या गाडीने निघालो. मावशीने मक्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, इतक्या की पूर्ण गाडीला पुरल्या असत्या. मासेदोनियोंनी ताताच्या हातात डॉमिनोची पेटी दिली आणि म्हणाले, "तिथल्यांना हरव. आमचा सूड उगव." होविताने फक्त त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. खाली उकडणार हे तिलाही माहीत होतं.

ढग मागे पडले, पाइन संपले, मग कॉफी, मग केळी, मग ऊस. प्रत्येक वळणाला ताताचा श्वास मोकळा होत गेला. दुपारपर्यंत त्याच्या ओठांना रंग आला. मी तो बघत होतो. गाडी मागे वळव म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलं नाही.

घर स्वच्छ आहे. अंगणात आंब्याचं झाड आहे. तिथल्या मुख्य सिस्टर हसऱ्या आहेत. त्यांनी फॉर्म काढला. नाव, वय, गाव. गाव कोणतं सांगायचं, यावर ताताने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"किती दिवस राहणार?" सिस्टरांनी विचारलं.

मला तोंडावर मारल्यासारखं झालं. त्यांचा दोष नाही, फॉर्मवर तो रकाना होता.

"जेवण कसं आहे त्यावर," ताता म्हणाला. सिस्टर हसल्या आणि रकाना रिकामा सोडला.

माझी परतीची गाडी तीनची होती. मी सिस्टरांना विचारलं, मला इथे जेवता येईल का? लांब बाकांवर वीसेक म्हातारे बसले होते. मी ताताशेजारी बसलो आणि सगळं खाऊन पाहिलं. मग त्याला सांगितलं.

"सूप पातळ आहे. घेवडा चांगला शिजलाय, पण मीठ कमी. भाकरी दुकानातली आहे. तुमचा पलंग खिडकीपाशी आहे, सकाळचं ऊन येईल, पण पंख्याचा आवाज होतो. अंगणात बाक दोन आहेत. आंब्याखालचा चांगला."

ताता ऐकत होता. "आणि बघायला काय?" त्याने विचारलं.

मी भिंतीपलीकडे पाहिलं. उसाचं शेत, लांब एक धुराडं, त्याच्यामागे अगदी फिकट आमचे डोंगर. ते बोटाने दाखवता आले नाहीत. इथून कोणता आमचा, ते मला ओळखू येत नव्हतं.

तो फाटकापर्यंत आला. आतल्या लोकांनी फाटकाबाहेर यायचं नाही असा तिथला नियम. मी बाहेर, तो आत. आमच्याकडे पाहुणा निघतो आणि यजमान मागे राहतो, त्या वेळी यजमानाने बोलायचे शब्द ठरलेले आहेत. मी ते वर्षभर बोललो. पण आज निघणारा मी होतो, आणि माझ्या वाट्याला कोणतेच शब्द येत नव्हते.

ताताने टोपी काढली.

"पुन्हा या, एल्फेगो," तो म्हणाला. "हे घर तुमचंच आहे. कधीही या, कितीही राहा. फक्त जेवायच्या वेळेला या, सूप लगेच गार होतं."

मी हो म्हणालो.